खाजणाचं बी

खाडीच्या बांधाला खांड पडली त्या पावसात कोंडातल्या, म्हणजे खाडीकाठच्या त्या वाडीतल्या, प्रत्येकानं दुसऱ्याला दोष दिला. कोणी म्हणालं, बांधातून पाणी सोडायची उघाडी धाकूकडं होती, त्यानं तिची फळी नीट बसवली नाही. कोणी म्हणालं, कुर्ल्यांनी बिळं पाडून बांध पोखरला. कोणी देवीला नारळ उशिरा पोचल्याचं सांगितलं. खरं कारण साऱ्यांच्या चुलीत कधीच जळून गेलं होतं, पण ते बोलणार कोण?

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला आजे-पणज्यांपासून कांदळाची दाट राई होती. चिखलात मुळ्या रोवून, भरतीत कमरेपर्यंत बुडून उभी राहणारी ती झाडं. पावसाळी लाट आधी त्यांच्यावर आदळायची आणि बांधाशी येईस्तोवर तिच्यातला जोर सरलेला असायचा. पुढे खाडीच्या तोंडाकडं, पूर्णगडच्या वाटेवर, शिंपले जाळून चुना करणाऱ्या भट्ट्या निघाल्या. कांदळाचं लाकूड धगधगीत जळतं, भट्टीवाल्यांना तेच हवं. कोंडानं होडगी भरभरून दिलं. उरलंसुरलं बायकांनी सरपणाला नेलं. राईच्या जागी खुंट राहिले, आणि एक्क्याऐंशी सालच्या श्रावणातल्या उधाणानं बांध मधोमध उसवला. खारं पाणी आत शिरलं ते पोटरीला आलेलं सगळं भात घेऊन गेलं.

सगुणा तेव्हा या घरात नवीच होती. तिचं माहेर वर सड्यावरचं, नाचणी-वरी खाणारं. बापानं तिला खाली दिली ती एवढ्याच विचारानं, की खाजणवाल्यांकडं, खाडीला बांध घालून काढलेल्या खाऱ्या शेतांच्या मालकांकडं, पोरगी रोज भात खाईल. नवरा सदू मुंबईला छापखान्यात होता, सासू आधीच वारलेली. घरात ती, कडेवरची तुळसा आणि सासरा रावजी. या घरचं तांबडं भात तिनं एकच वर्ष पोटभर खाल्लं होतं. कुसाचं, जाड दाण्याचं भात ते, खाऱ्या मातीत जिथं दुसरं काही जीव धरत नाही तिथं उभं राहायचं. त्याच्या पेजेला चव अशी, की सोबत मिठाचा खडाही नको. बांध फुटला त्या संध्याकाळी ती चुलीपाशी बसून रडली, तेव्हा नवऱ्याच्या आठवणीनं रडते असं शेजारणींना वाटलं. पण ती रडत होती शेतासाठी.

रावजी कमी बोलणारा माणूस. भाऊबंद बांधाची खांड बुजवायच्या गोष्टी करू लागले तेव्हा तो म्हणाला की नुसती माती टाकून भागणार नाही, पुढच्या पावसात तीही जाईल. आधी कांदळ लावावं लागेल. बैठक हसली. कांदळ काय लावतो? ते का आंब्याचं कलम आहे? ज्याला आपण तोडून तोडून दमलो ते हातानं लावायचं? माणसं उठून गेली आणि रावजी तिथंच पायरीवर बसून राहिला. सगुणा त्याला जेवायला बोलवायला आली, तेव्हा तो तिला म्हणाला, "बांध मातीचा नसतो गो. बांध कांदळाचा असतो. माती नुसती मागं उभी ऱ्हाते."

तिला ते पटलं की नाही कोण जाणे. पण दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर गेली.

खाडीच्या पलीकडच्या काठाला थोडी झाडं वाचली होती. पावसात त्यांना शेवग्यासारख्या लांब शेंगा लोंबतात, पिकल्या की टोकानं खाली पडतात. धाकूकडून होडगं मागून दोघं तिकडं जायची, टोपल्या भरून शेंगा आणायची आणि ओहोटीला बांधापुढच्या चिखलात हातहात अंतरावर खोचायची. वाचायला सोपं वाटतं. चिखल मांडीपर्यंत. एक पाय काढावा तर दुसरा रुतलेला. आत जुन्या खुंटांना धरलेली कालवं, त्यांची धार लागून पाय कापायचा आणि वर खारं पाणी झोंबायचं. सगुणाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या त्या पावसाळाभर सुकल्या नाहीत. तुळसाला बांधावर इरल्याखाली बसवून ती खाली वाकलेली असायची, आणि पोर रडली तरी निघून वर यायला वेळ लागायचा.

पहिल्या वर्षाच्या सगळ्या शेंगा वाहून गेल्या. दुसऱ्या वर्षी रावजीनं बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि एकेक शेंग सुंभानं बांधली. त्या साली मुंबईत गिरण्यांचा संप चाललेला, त्यामुळे बरेच गिरणीवाले गावी येऊन रिकामे बसले होते. त्यांना बांधावर बसून विड्या ओढायला ही चांगली करमणूक मिळाली. रावजीला ते कांदळ्या म्हणू लागले. एकानं तर विचारलं, कांदळाचं पीक कुठल्या बाजारात नेणार, पावसला की चिपळूणला? रावजीनं मान वर केली नाही. हसणाऱ्याचे दात दिसतात, दुसरं काय? पण सगुणाची कानशिलं तापायची. चिखलानं भरलेलं लुगडं मांडीला चिकटलेलं, वर पुरुष बसलेले, आणि आपण वाकून शेंगा खोचतो आहोत. त्यापेक्षा मेलेलं बरं असं तिला त्या दिवसांत पुष्कळदा वाटलं. तरी ती जात राहिली, कारण शेत परत यायचं ते याच वाटेनं येणार होतं.

शेतापेक्षाही मोठी काळजी बियाची होती. खारं भात दरसाल पेरावं लागतं. एक वर्ष ठेवलं तर दुसऱ्या साली निम्मं उगवतं, तिसऱ्या साली बी मेलं समजावं. खाजण पाण्याखाली, मग बी जगवायचं कुठं? कोंडातल्या बाकीच्यांनी तो विचारच केला नाही. असलेलं बी त्यांनी पहिल्याच वर्षी कांडून खाल्लं. रावजीनं मात्र डोंगराच्या पायथ्याशी, जिथं उधाणही जेमतेम पोचे, तिथं कोपरा धरला. अंगणापेक्षा फार मोठा नव्हता. दोघांनी त्याला वेगळा छोटा बांध घातला, पावसानं मीठ धुऊन गेल्यावर मोड आणलेलं बी फोकलं, आणि कुर्ल्या रोपं कापतात म्हणून सगुणा पहाटे जाऊन कुर्ल्या धरून आणू लागली. निघालेलं सारं भात पेंढ्यात गुंडाळून, सुंभानं आवळून, त्याची मुडी बांधून माळ्यावर जायचं. त्यातला दाणा खायचा नाही, असं रावजीचं सक्त सांगणं. घरात नाचणीची भाकरी आणि रेशनचा तांदूळ. कधी एखाद्या संध्याकाळी म्हातारा माळ्याखाली उभा राहून मुडीला नाक लावायचा आणि म्हणायचा, "खांड बुजली की पयली पेज हिची." हे सगळ्या कोंडानं ऐकलेलं होतं. त्याचीही थट्टा झाली होती.

तिसऱ्या वर्षी झाडं धरली. हातभर उंचीची, चार चकचकीत पानांची झाडं भरतीत बुडायची आणि ओहोटीत परत दिसायची. रावजी दिवसातून दोनदा जाऊन बघून यायचा. आणि एक दिवस त्यानं पाहिलं तर शेजारची यमुनाबाई कोयता घेऊन चिखलात उतरलेली, झाडं कापून भारा बांधत होती. यमुनाबाई विधवा, एकटी, गुडघ्यांनी अधू. डोंगरावर सरपणाला जाणं तिला जमत नव्हतं. रावजी तिच्यापुढं जाऊन उभा राहिला आणि वाकून त्यानं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांना हात लावला. नात्यानं ती धाकटी भावजय. तिनं कोयता टाकला आणि तोंडावर पदर घेतला. मग रावजीनं तिला शब्द दिला: कांदळाला हात लावू नको, तुझ्या घरी सरपणाचा भारा माझ्या घरून येईल.

शब्द सासऱ्याचा, पण मान सगुणाची. तिला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून ती डोंगरावरून एक भारा आपल्या घरी आणि एक यमुनाबाईच्या दारात टाकू लागली. पहिल्या दिवशी तिनं रावजीच्या पुढ्यात ताट जरा आपटूनच ठेवलं. त्याला ते कळलं आणि तो खाली मान घालून जेवला. पण यमुनाबाईनं ते भारे फुकट घेतले नाहीत. आपण थांबली तसं इतर बायकांनाही तिनं भांडून भांडून कांदळापासून दूर ठेवलं. धाकूची म्हैस तिकडं वळली तर ही म्हातारी काठी घेऊन लंगडत धावायची.

चार-पाच वर्षं अशी गेली आणि बांधापुढं परत राई उभी राहिली. रावजीला हसणारी तोंडं आपोआप गप्प झाली. मुळ्यांत बोयट माशांची पिल्लं आली, कालवं धरली, बगळे वस्तीला आले. लहान जाळं टाकून घरी कालवणापुरतं मिळू लागलं. संपावरचे गिरणीवाले केव्हाच परत गेले होते. जे उरले ते आता रावजीला विचारू लागले की बांध कधी घालायचा. माघातल्या भांगाच्या दिवसांत, भरती उणी असते तेव्हा, घरटी माणूस आला. चिरे, फांद्या आणि मातीचे गोळे टाकून त्यांनी खांड बुजवली, नवी फळी ठोकून उघाडी बसवली. त्या साली कोपराही मोठा केला होता, त्यामुळे माळ्यावर तीन मुड्या होत्या. एक घरची, दोन कोंडाच्या. खाजणात ज्याचा ज्याचा वाटा त्याला त्याला पेरणीपुरतं बी देणार, असं रावजीनं बांधावर उभं राहून सांगितलं. इतकं लांब बोलताना त्याला कोणी कधी ऐकलं नव्हतं. सगुणा डोक्यावर मातीची पाटी घेऊन ते ऐकत होती आणि तिला म्हाताऱ्याचा अभिमान वाटला. आता नुसता पाऊस यायचा होता.

पण रावजीच्या नशिबात तो पाऊस नव्हता. पाण्यात उभं राहून त्याच्या छातीत कफ धरला होता तो उतरला नाही. वैशाखात ताप आला, आणि पावसच्या डॉक्टरकडं न्यायला गाडी येईपर्यंत म्हातारा गेला.

सदूला तार केली. एसटी घाटात बंद पडली आणि तो पोचला तेव्हा चिता विझली होती. भाऊबंद म्हणून अग्नी धाकूनं दिला होता. मुंबईहून दाढी वाढलेल्या, हातात प्लास्टिकची पिशवी घेतलेल्या माणसाला कोंडानं काही म्हटलं नाही. पण बापाच्या चितेला पोरगा नव्हता, हे काय बोलून दाखवावं लागतं? सदू दहा दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.  सगुणाला त्याची दया येत होती आणि ती सुतकाची कामं करत होती.

दहाव्याला पुरुष खाडीकाठी गेले. पिंड ठेवले. कावळे झाडावर बसले होते, खाली येईनात. ऊन चढलं. एकेकानं पुढं होऊन मेलेल्याला शब्द दिला. धाकू म्हणाला बांध राखू, दुसरा म्हणाला कांदळाला कोयता लावणार नाही. सदू रडत म्हणाला, मी वेळेवर आलो नाही, माझं चुकलं. कावळा ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, आणि तसं झालं असतं तर सदू जन्मभर मान वर काढू शकला नसता. तेवढ्यात धाकूला म्हाताऱ्याचं पहिल्या पेजेचं बोलणं आठवलं. तो पळत घरी आला, धापा टाकत सगुणाला म्हणाला, "सगुणे, त्या खाऱ्या भाताची मूठ दे. म्हाताऱ्याचा जीव तिच्यात अडकला हाय."

सगुणानं एका क्षणाचाही विचार केला नाही. माळ्यावर चढून तिनं घरच्या मुडीचा सुंभ सोडला, ओंजळभर काढलं, कांडलं, वेगळ्या टोपात शिजवलं. शिजताना वास सुटला तेव्हा तिला सासरा मुडीला नाक लावून उभा आहे असं वाटलं. धाकू ऊन ऊन भात केळीच्या पानात घेऊन धावला. भात ठेवल्याबरोबर कावळ्यानं झेप घेतली.

हे ऐकल्यावर घरात बायका रडल्या. सगुणाही रडली, सुटल्यासारखी. मग सुतकाचे कपडे, गोधड्या, घोंगड्या सगळं गोळा करून चार बायकांबरोबर ती वरच्या पऱ्यावर धुवायला गेली. पाणी आटत आलेलं, डबक्याडबक्यातून धुणं. दुपार कलली तरी काम सरेना.

परत येताना ती डोंगराच्या उतारावर थांबली. वारा खालून येत होता. त्यात उकडत्या भाताचा वास होता. आपल्याकडं भात कांडण्याआधी हंड्यात उकडून घेतात, तो वास प्रत्येक बाईला ठाऊक असतो. पण हा वास दुसऱ्या कुठल्या भाताचा नव्हता. सगुणानं डोक्यावरचं बोचकं तिथंच टाकलं आणि धावत सुटली.

अंगणात तीन चिऱ्यांवर मोठा तांब्याचा हंडा होता. बाजूला तट्ट्यांवर उकडलेलं भात वाळत घातलेलं. यमुनाबाई गुडघे धरून विस्तवाशी बसली होती आणि मुड्यांचा सुटा पेंढा जाळात सारत होती. तिन्ही मुड्या. सदूनं स्वतः माळ्यावरून उतरवल्या होत्या. बापाचा जीव ज्या भातात होता ते बाराव्याला सगळ्या कोंडाच्या पानात पडलं पाहिजे, असं तो म्हणाला होता, आणि कावळा शिवलेला असताना त्याला अडवणार कोण? यमुनाबाईला तर हे आपलंच काम वाटलं. ज्यानं आपल्या पायाला हात लावला त्याच्यासाठी ती धुरात बसली होती.

सगुणा सरळ हंड्यापाशी गेली आणि तिनं उकळत्या पाण्यात हात घातला. मूठ बाहेर आली तेव्हा दाण्यांची टरफलं फुटली होती. बायकांनी तिला धरून मागं ओढलं. बिचारी, सासऱ्यावर किती जीव, असं कोणीतरी म्हणालं. सदू ओटीवरून बघत होता. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याचा चेहरा शांत दिसत होता, पोटभर रडून झोपून उठलेल्या पोरासारखा. सगुणानं त्याच्याकडं पाहिलं. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं. बोलून त्यातला एक दाणा तरी आता रुजणार होता का?

बाराव्याला तिनंच वाढलं. भाजलेल्या हाताला चिंधी गुंडाळून, पंगतीत वाकून वाकून, पानापानांवर तांबडा भात. माणसं वाखाणत होती. असा भात किती वर्षांनी पोटात गेला म्हणत होती. धाकूनं दुसऱ्यांदा मागून घेतला. ज्यांच्या वाट्याचं बी होतं त्यांनीच ते खाल्लं, आणि प्रत्येकाच्या मनात हेच, की आणखी मुड्या कुठंतरी असतील; सदूलाही तसंच वाटलेलं. रावजी काय सगळं बी एका ठिकाणी ठेवणारा माणूस? सगुणाच्या पानात वाढलं तेव्हा तिनं पहिला घास तोंडात घातला आणि तो तिला गिळवेना. तुळसा मात्र दोन्ही हातांनी जेवली.

सदू मुंबईला गेल्यावर आठवड्यानं धाकू बी मागायला आला, तेव्हा सगुणानं त्याला माळा दाखवला. तो शिडीवर उभा राहून रिकामा माळा बघत राहिला. खाली उतरल्यावर म्हणाला, "आमाला वाटलं दुसरी मुडी असंल." एवढंच. संध्याकाळपर्यंत सगळ्या कोंडाला कळलं. यमुनाबाई त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशी ती सगुणाच्या दारात आली, आणि आत न येता उंबऱ्याबाहेर बसून राहिली. सगुणानं तिला हात धरून आत घेतलं. तिच्यावर राग काढावा असं मनात येऊनही जमेना. रागवायचं कोणावर, कावळ्यावर?

पाऊस तोंडावर आलेला. सगुणा बी शोधायला निघाली. तुळसाला यमुनाबाईपाशी ठेवून ती खाडीच्या दोन्ही काठांनी गाव गाव फिरली. कुठं खाजणं केव्हाच बुडाली होती, कुठं नारळी झाली होती, कुठं सरकारी भात पेरत होते. पूर्णगडच्या अंगाला एका म्हातारीनं मडकं काढून दाखवलं. तांबडं कुसाचं भात, तेच. सगुणानं ते पदरात बांधून आणलं, घरी फडक्यात मोड यायला ठेवलं. एकही दाणा फुटला नाही. किती वर्षांचं होतं देव जाणे.

शेवटी तिनंही सरकारी भात पेरलं. दुसऱ्यांनीही तेच केलं. आषाढात खाजण असं हिरवं झालं की लोकांना वाटलं, चला, गेलं ते गेलं. श्रावणात पावसानं दडी मारली. ऊन तापलं तसं मातीतलं मीठ वर आलं. पात्यांची टोकं पिवळी पडली, मग सगळी पाती तांबूस होऊन खाली बसली. वरच्या, गोड्या पाण्याच्या भातानं तरी काय करावं? त्याचा काही दोष नव्हता. सगुणा कापायला गेली तेव्हा विळ्याला लागेल एवढंही काही उभं नव्हतं.

पुढच्या माघात बांधाच्या डागडुजीला कोणी आलं नाही. पिकत नाही त्या शेताचा बांध कोण घालणार? धाकूची दोन्ही पोरं मुंबईला गेली. सगुणा एकटी जाऊन कुर्ल्यांची बिळं बुजवायची, उघाडीची फळी साफ करायची. सरकारी बी तिनं दुसऱ्या वर्षीही पेरलं, सवय सुटत नाही म्हणून. ते पुन्हा करपलं. आणि फळीच्या फटीतून राईतल्या कांदळाच्या शेंगा आत आल्या होत्या. करपलेल्या भातात जागोजाग त्या उभ्या राहिल्या, हिरव्यागार. सगुणा त्या उपटून बांधावर फेकायची. चार दिवसांनी दुसऱ्या आलेल्या असायच्या. रत्नागिरीच्या कॉलेजातले काही लोक राई बघायला आले होते. त्यांनी फोटो काढले, खाडी पुन्हा जिवंत झाली म्हणून फार कौतुक केलं, तिच्या सासऱ्याचं नाव विचारून घेतलं. ते खोटं काही बोलत नव्हते. सगुणानं त्यांना पाणी दिलं.

गणपतीला सदू आला. त्यानं बाप गेल्यापासून पहिल्यांदाच सुट्टी काढली होती. सकाळी तो बांधावर गेला आणि तासाभरात तरातरा परत आला. अंगणात यमुनाबाई, धाकू बसलेले. त्यांच्यादेखत त्यानं सगुणाला विचारलं, "बाबांनी जीव टाकलानी त्या खाजणावर, आनि तू त्यात कांदळ उभा केलास? सरकारी भात कशाला पेरलंस? बाबांचं बी व्हतं ना?"

यमुनाबाई उठून उभी राहिली. धाकूनं खाली मान घातली. सगुणाच्या हातात शेण होतं, ती अंगण सारवत होती. ती तशीच उभी राहिली. तिनं ठरवलं होतं की हे त्याला कधी सांगायचं नाही. मुंबईत तो भेटेल त्याला सांगत असे, बापाच्या भातानं कावळा कसा शिवला ते; गावचा जो येई तो तिला हेच ऐकवी. पण दोष आता तिच्यावर आला होता, आणि इतकी वर्षं चिखलात काढलेल्या बाईला तो सोसवेना.

"बी व्हतं," ती म्हणाली. "तीन मुड्या व्हतं. तुमी बाराव्याला वाढलंत."

सदूला आधी कळलं नाही. मग त्यानं धाकूकडं पाहिलं, यमुनाबाईकडं पाहिलं. यमुनाबाईनं तोंडावर पदर घेतला, त्यावरून त्याला कळलं. तो ओटीच्या कडेला बसला.

"मंग तवा का नाय बोललीस?"

"कावळा शिवला व्हता," सगुणा म्हणाली. "तुमी दहा दिवसांनी मान वर केली व्हती. कशी बोलू?"

तो उठून चालता झाला. दुपारी जेवायला आला नाही तेव्हा सगुणा त्याला बघायला गेली. सदू खाजणात उतरला होता. मुंबईची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि तो दोन्ही हातांनी कांदळाची रोपं उपटत होता, उपटत होता आणि रडत होता. हात छापखान्यातले, ते सोलवटून निघाले होते. सगुणा खाली उतरली आणि तिनं त्याचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मामंजींनी लावलेल्या झाडांचीच हायत ती. आनि इथं आता दुसरं काय व्हनार?"

त्यानं हातातली रोपं टाकली. मग दोघं बांधावर चढून उघाडीपाशी गेली. फळी फुगून घट्ट बसली होती. सदूनं खालून रेटा दिला आणि सगुणानं सुंभ घालून वर ओढली, तेव्हा ती सुटली. फळी पुन्हा खाली पडू नये म्हणून तिनं सुंभ खुंटीला बांधून टाकला. भरती लागलेलीच होती, तीही उधाणाची. पाणी मुळीच आवाज न करता आत आलं, करपलेल्या भातातून, उपटलेल्या आणि न उपटलेल्या रोपांतून, आणि पसरत पसरत डोंगराच्या पायथ्याशी बियाच्या कोपऱ्याला टेकलं. त्याचा छोटा बांध केव्हाच ढासळला होता, मग कोपराही बुडाला. सगुणानं पदर तोंडात कोंबला, पण हुंदका आवरला नाही. सासरा गेला तेव्हा रडली नव्हती एवढी ती रडली. सदूनं तिला गप्प बस म्हटलं नाही.